चालणं, फिरणं, भटकणं: इंग्रजी क्रियापदांच्या छटा

नवी_अनुवादिका

इंग्रजीतून मराठीत मजकूर आणताना चालण्याची क्रियापदं फार छळतात. कोश उघडावा तर स्ट्रोल, सॉन्टर, ॲम्बल या तिघांपुढे तेच 'रमतगमत चालणे, फेरफटका मारणे'. प्लॉड आणि ट्रज या दोघांपुढे 'कष्टाने चालणे'. उलट्या दिशेनेही तेच. 'आम्ही लक्ष्मी रोडला नुसते भटकत होतो' यातल्या भटकण्याला रोम म्हणायचं, वॉन्डर की लॉइटर? वेगाप्रमाणे उतरंड लावून पाहिली, पण तीत अर्धे शब्द बसतच नाहीत. नेमके फरक काय, वाक्यात कुठे चुकतं आणि का, हे जाणकारांनी सांगावं. उदाहरणं पुण्यातली असतील तर उत्तम.

शब्दपारखी

उतरंड मोडूनच टाका. या शब्दांत वेगाला फारसं महत्त्व नाही. शब्द समोर आला की विचारायचं: चालणाऱ्याला कुठे पोचायचंय का? अंगाचा कुठला भाग जास्त काम करतोय? मनात काय आहे? आणि बघणाऱ्याला ते पटतंय का? हा शेवटचा प्रश्न कोशकार बहुतेक वेळा सोडून देतात आणि अनुवादक तिथेच आपटतो.

तुमचं त्रिकूट घेऊ. स्ट्रोल म्हणजे निवांत, थोडक्या अंतराचं, मौजेचं चालणं, आणि त्याला कुणाची हरकत नाही. रात्री जेवून कमला नेहरू पार्कभोवती चक्कर मारली तो स्ट्रोल. नाम म्हणूनही सर्रास चालतो: 'गो फॉर अ स्ट्रोल', 'टेक अ स्ट्रोल'. ॲम्बलमध्ये लक्ष चालीकडे असतं. मुळात तो घोड्याच्या एका संथ, न हिसडणाऱ्या चालीचा शब्द, लॅटिनमधल्या 'चालणे' या अर्थाच्या 'अम्बुलारे'पासून फ्रेंचमार्गे आलेला. ॲम्बल करणाऱ्याला काम असू शकतं, घाई नसते. पिशवी घेऊन दूध आणायला निघालेले आजोबा ॲम्बल करतात.

सॉन्टरमध्ये पायांपेक्षा आविर्भाव जास्त. खिशात हात, चेहऱ्यावर 'आपलं काय अडलंय'. दहाच्या मीटिंगला साडेदहाला उगवणारा 'सॉन्टर्स इन'. इथे बघणाऱ्याच्या कपाळावर आठी आहे.

पेठेतली

आजोबा स्ट्रोल का करू शकत नाहीत? 'स्ट्रोल्ड टू द डेअरी' बिनचूक इंग्रजी आहे. आणि उशिरा येणाऱ्याला 'स्ट्रोल्ड इन ॲट हाफ पास्ट टेन' असंही म्हणतातच की.

शब्दपारखी

दोन्ही मान्य. 'स्ट्रोल्ड टू द डेअरी' म्हटलं की दूध हे निमित्त आणि फिरणं हा हेतू, असं वाचक समजतो. ॲम्बल्डमध्ये दूधच हेतू, फक्त पाय सावकाश. उशिरा येणाऱ्याचं म्हणाल तर, स्ट्रोल्ड इन म्हणजे त्याचं घड्याळाकडे लक्षच नव्हतं. सॉन्टर्ड इन म्हणजे लक्ष होतं आणि फिकीर नाही हे त्याला दाखवायचं होतं. मराठीत पहिल्याला 'आरामात आला', दुसऱ्याला 'डुलतडुलत आला' म्हणून बघा.

सॉन्टरबद्दल एक कथा फिरत असते की पवित्र भूमीला, फ्रेंचमध्ये 'सेंट टेर'ला, निघालोय असं सांगून भटकणाऱ्यांवरून तो शब्द आला. ऐकायला गोड आहे, पण कोशकार ती मानत नाहीत. शब्दाचं मूळ अनिश्चित आहे.

मुळाकाठ

शब्दांच्या छटा नंतर. आधी वाक्याची बांधणी बघा, कारण निम्मे अनुवाद तिथेच फसतात.

इंग्रजी क्रियापदात 'कसा' भरतं आणि 'कुठे' मागच्या छोट्या शब्दावर टाकतं: लिम्प्ड इन, स्टॅगर्ड आउट, प्लॉडेड अप. मराठीचं उलट आहे. आपल्या क्रियापदात दिशा असते (शिरणे, निघणे, चढणे, परतणे) आणि 'कसा' हे '-त' लावून किंवा क्रियाविशेषणाने सांगतो. म्हणून 'ही लिम्प्ड इन्टू द रूम' याचं 'तो लंगडत खोलीत शिरला' होतं. 'तो खोलीत लंगडला' म्हटलं तर खोलीत गेल्यावर पायाला काहीतरी झालं, असा अर्थ लागेल. लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने याच निकषावर जगातल्या भाषांचे दोन गट पाडले आहेत. इंग्रजी, जर्मन एका बाजूला. स्पॅनिश, फ्रेंच दुसऱ्या बाजूला. या बाबतीत मराठीची चाल स्पॅनिशसारखी.

म्हणून 'इंग्रजीत चालण्याला किती शब्द, मराठी बापुडी गरीब' हे रडगाणं चुकीचं आहे. आपला साठा क्रियापदांच्या रकान्यात शोधू नका. तो तुरुतुरु, झपझप, तरातरा, लगबगीने, दुडुदुडु, पाय ओढत, ढांगा टाकत, दबक्या पावलांनी, फेंगडत, खुरडत, भेलकांडत यांत आहे.

अनुवादाची कृती: १) मागचा छोटा शब्द बघून मराठी क्रियापद ठरवा. इन म्हणजे शिरणे, आउट म्हणजे बाहेर पडणे, ऑफ म्हणजे निघून जाणे, अप टू म्हणजे कुणापाशी जाऊन थांबणे. २) मग इंग्रजी क्रियापदाचं '-त' रूप किंवा क्रियाविशेषण करा. ३) वाक्य मोठ्याने वाचा. दोन '-त' लागोपाठ आले ('लंगडत धापा टाकत येत') तर एक काढून टाका. मराठीत सगळं सांगायची सक्ती नसते. इंग्रजीत 'वॉक्ड इन' असेल तिथे 'आत आला' पुरतं. 'चालत आत आला' म्हटलं की वाचक विचारतो, नाहीतर काय रिक्षाने?

रिकामटेकडा

शेवटचं वाक्य लाख मोलाचं. (नाव रिकामटेकडा असलं तरी रोज टेकडीवर असतो, त्यामुळे पुढचा विभाग माझा.)

प्लॉड आणि ट्रज हे जुळे नाहीत. प्लॉडमध्ये पाऊल जड, एकसारखं, न थांबणारं. कंटाळवाणं असेल, पण चिकाटी आहे. म्हणूनच फार हुशार नसलेल्या पण घासून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला प्लॉडर म्हणतात. ट्रजमध्ये थकवा आणि नाखुशी आहे, आणि बहुधा पायाखाली काहीतरी अडवणारं: चिखल, बर्फ, वाळू, निदान चढ. पावसाळ्यात आतकरवाडीच्या वाटेने बुटाला किलोभर चिखल घेऊन सिंहगड चढणारा माणूस 'ट्रजेस अप'. तोच माणूस कोरड्या दिवशी ठरलेल्या लयीत, मान खाली घालून चढला तर 'प्लॉड्स अप'. मराठीत प्लॉडला 'एकेक पाऊल रेटत', ट्रजला 'पाय ओढत'.

स्लॉगमध्ये मेहनत मोजली जाते. तो शब्द चालण्याइतकाच कामालाही लागतो. ट्रेप्समध्ये वैताग आहे आणि ठिकाणं अनेक. लग्नाच्या खरेदीत एका ब्लाउजपीससाठी तुळशीबाग, मग लक्ष्मी रोड, मग पुन्हा तुळशीबाग, हे ट्रेप्सिंग अराउंड. मराठी 'पायपीट' इथे चपखल बसते. 'वणवण' मात्र नको. तिच्यात हाल आहेत, पाण्यासाठीची वणवण असते. ब्लाउजपीससाठी नसते.

पेठेतली

असते.

रिकामटेकडा

बरं, माघार.

ट्रेक या शब्दावर वाद होईल, तरी लिहितो. तो डच 'ट्रेकन' म्हणजे ओढणे यापासून दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या, म्हणजे तिथे वसलेल्या डच वंशजांच्या, भाषेतून इंग्रजीत आला. 1830 च्या दशकात ते लोक बैलगाड्यांतून कुटुंबकबिल्यासह दक्षिणेकडची केप वसाहत सोडून आतल्या मुलुखात गेले, त्या स्थलांतराला ग्रेट ट्रेक म्हणतात. त्यामुळे ब्रिटिश वाचकाच्या कानाला ट्रेक म्हणजे लांबचा, खडतर, बहुधा अनेक दिवसांचा प्रवास. राजगड-तोरणा ट्रेक म्हणा, शोभतं. सकाळी वेताळ टेकडीवर जाऊन नऊला घरी पोह्यांना परतणं म्हणजे ट्रेक नाही. तो वॉक, फार तर हाइक. आपल्या इंग्रजीत गडावरच्या एका दिवसाच्या चढाईलाही ट्रेक म्हणतात आणि भारतीय वाचकासाठी ते चालतं. बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना हाइक बरा.

रॅम्बल हा खास ब्रिटिश प्रकार: खेड्यापाड्यांतून, शेतांच्या कडेने, मौजेखातर लांब चालणं. तिथे या चालण्याची चळवळच झाली. 1932 साली डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या पठारावर शेकडो लोक खासगी जमिनीत मुद्दाम शिरून चालले. 1935 मध्ये रॅम्बलर्सची संघटना उभी राहिली आणि इंग्लंड-वेल्समध्ये 2000 सालच्या कायद्याने मोकळ्या माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. त्याला बोलीत 'राइट टू रोम' म्हणतात. हा रोम लक्षात ठेवा, तुमच्या लक्ष्मी रोडच्या प्रश्नाला लागेल.

शब्दपारखी

तो प्रश्न आता घेऊ. रोमला मोठा मुलूख लागतो, कुंपण नको असतं: माळावर गुरं रोम करतात, मोकाट कुत्री रोम करतात. आपल्याकडची पोरं 'आय वॉज रोमिंग विथ माय फ्रेंड्स' लिहितात ते 'फिरत होतो' याचं सरळ रूपांतर, आणि ब्रिटिश कानाला त्यातून कळप दिसतो. मित्रांबरोबर वेळ घालवला एवढंच म्हणायचं असेल तर 'हँगिंग आउट'. लक्ष्मी रोडला नुसते फिरत होतो याला 'वॉन्डरिंग अराउंड': दिशा ठरलेली नाही, डोळे दुकानांवर. उच्चार वॉन्डर. वन्डर म्हटलंत तर तुम्ही लक्ष्मी रोडवर अचंबित झालात.

लॉइटर वापरायचा तर जपून. त्यात संशय आहे. विनाकारण एका जागी रेंगाळणारा आणि बहुधा काहीतरी काळंबेरं मनात असलेला. 'नो लॉइटरिंग' अशा पाट्याच असतात. चांगल्या अर्थाने रेंगाळणं म्हणजे लिंगर: मैफल संपल्यावरही पाय निघत नाही, ते. वाटेत वेळ दवडत, टिवल्याबावल्या करत शाळेला चाललेलं पोर डॉडल करतं. प्रोल म्हणजे भक्ष्य शोधत फिरणं, मग ते भक्ष्य उंदीर असो वा पार्किंगची जागा.

मिअँडरमध्ये चालणाऱ्यापेक्षा वाट वळणावळणाची. आजच्या तुर्कस्तानात प्राचीन काळी मिअँडर नावाची नदी होती, तिच्या वेटोळ्यांवरून शब्द आला. सरळसोट रस्त्यावरून कितीही हळू चाललात तरी ते मिअँडर होत नाही. पेठांमधल्या बोळांतून होईल.

आणि यातले बरेच शब्द बोलण्यालाही लागतात. रॅम्बल म्हणजे पाल्हाळ लावणं, वॉन्डर म्हणजे विषय सोडून भरकटणं.

ऑफसाइड

अवांतर, पण विषयातलंच. क्रिकेटच्या समालोचनात या छटा रोज ऐकू येतात. मध्यमगती गोलंदाज 'ॲम्बल्स इन', म्हणजे धाव सावकाश आणि सहज. निवांत एक धाव काढली की 'स्ट्रोल्ड थ्रू फॉर अ सिंगल'. बाद झालोय हे माहीत असल्याने पंचांच्या बोटाची वाट न पाहता तंबूकडे निघणारा फलंदाज नुसता 'वॉक्स'. मराठीत 'तो चालला' म्हणून भागत नाही, 'स्वतःहून परतला' म्हणावं लागतं.

वॉकओव्हर मुळात घोड्यांच्या शर्यतीतला: एकच घोडा उरला की त्याने नुसतं चालत मैदान पार केलं तरी जिंकला. त्याला आपल्या क्रीडापानांवरचा 'पुढे चाल' हा शब्द मूळ कल्पनेच्या किती जवळ आहे बघा! वॉकआउटला 'सभात्याग'ही तसाच घट्ट बसलाय.

पेठेतली

आता माझ्या आवडीचा कप्पा: रागावून जाणं. इंग्रजीत याचे चार-पाच वेगळे प्रकार आहेत आणि मराठीत प्रत्येकाला जोडीदार सापडतो.

स्टॉर्म आउट: आरडाओरडा, दार आपटणं, म्हणजे तणतणत निघून जाणं. स्टॉम्प: पाय आपटत, राग टाचेत, त्यामुळे लहान मुलांना जास्त शोभतो. फ्लाउन्स आउट: झटका देऊन, सगळ्यांना दिसेल असं, आपलं 'फणकाऱ्याने'. स्टॉक ऑफ: आवाज नाही, मान ताठ, ढांगा लांब, अपमान गिळलेला, 'ताठ मानेने तडक निघून गेला'. हाच स्टॉक कर्म घेऊन आला तर अर्थ फिरतो: शिकारी हरणाला स्टॉक करतो, किंवा कुणीतरी कुणाचा छळ करत पाठलाग करतो. म्हणून 'ऑफ' किंवा 'आउट' विसरायचं नाही. मार्च अप टू: जाब विचारायला तरातरा जाणं, खिडकीपाशी रांग मोडणाऱ्याकडे पेठेतल्या काकू मार्च करतात.

फ्लाउन्स बायकांच्याच माथी मारायची जुनी खोड आहे. मूळ मजकुरात ती असेल तर तशी आणा, स्वतःहून घालू नका. मिन्स आणि वॅडल हेही असेच. मिन्स म्हणजे नाजूकपणाचा आव आणत तुटक पावलं टाकणं. पुरुषाबद्दल वापरला की सरळ हेटाळणी होते. वॅडल म्हणजे बदकाची चाल. गुबगुबीत बाळाबद्दल गोड, मोठ्या माणसाबद्दल त्याच्या वजनावर शेरा.

ऐटीचे दोन वेगळे ठेवा. स्ट्रट छातीतून येतो: कोंबड्यासारखं ताठ, छाती पुढे. स्वॅगर खांद्यांतून: झुलत, दांडगाईने. 'ऐटीत' दोन्हीला चालतं, पण स्वॅगरला 'गुर्मीत' जास्त जवळचं.

मुळाकाठ

चोरपावलांचं थोडक्यात. टिपटो चवड्यांवर, हेतू फक्त आवाज न करणं, झोपलेल्या बाळासाठीही. क्रीप वाकून, हळू. स्नीकमध्ये लबाडी. स्लिंक म्हणजे खजील होऊन, शेपूट पायांत घालून सटकणं. सायडल म्हणजे तिरकं सरकत, आपलं लक्षच नाही असं भासवत जवळ जाणं. जवळजवळ नेहमी 'अप टू' घेऊन येतो.

भूतकाळ चुकतो तो इथेच. स्लिंकचं स्लंक, क्रीपचं क्रेप्ट, ट्रेडचं (पाऊल टाकणे) ट्रॉड. स्ट्राइडचं स्ट्रोड, त्याचं तिसरं रूप स्ट्रिडन, पण ते म्हणताना इंग्रजही अडखळतात, वाक्य बदलून मोकळं व्हावं. स्नीकचं स्नीक्ड, अमेरिकेत स्नक सर्रास.

तोल जाणारे: स्टम्बल म्हणजे ठेचकाळणं, कारण पायाखाली. स्टॅगर म्हणजे भेलकांडणं, कारण डोक्यात: दारू, मार, धक्का. टॉटर म्हणजे डगमगणं, आता पडेल की काय असं. लर्च म्हणजे अचानक एका बाजूला झोकांडी.

नवी_अनुवादिका

सगळ्यांचे आभार. तपासाल का? (१) 'शी पेस्ड द व्हरांडा': ती व्हरांड्यात वेगाने चालली. (२) 'द टॉडलर टॉडल्ड अप टू द डॉग': बाळ दुडुदुडु चालत कुत्र्यापर्यंत चाललं. (३) 'ही वॉक्ड हर होम': तो तिच्या घरी चालत गेला. आणि मराठीतून इंग्रजीकडे, 'वी वेन्ट टू पर्वती बाय वॉक'.

मुळाकाठ

(१) पेस इथे वेग नाही, येरझारा: 'ती व्हरांड्यात येरझारा घालत होती'. कारण बहुधा काळजी. (२) 'चालत' आणि 'चाललं' दोन्ही काढा: 'बाळ दुडुदुडु कुत्र्यापाशी गेलं'. (३) वॉक इथे सकर्मक आहे: 'त्याने तिला घरापर्यंत सोबत केली'. 'वॉक द डॉग' म्हणजे कुत्र्याला फिरवून आणणं, तसंच. शेवटचं: 'बाय वॉक' नाही, 'ऑन फूट'. बसने जातात तेव्हा बाय, पायांनी जाताना ऑन. किंवा सरळ 'वी वॉक्ड टू पर्वती'.

शब्दपारखी

पुणेरी इंग्रजीतल्या आणखी काही ठेचा. 'आय गो फॉर मॉर्निंग वॉक' यात 'अ' राहतो. 'इट्स वॉकेबल डिस्टन्स' नाही, 'विदिन वॉकिंग डिस्टन्स'. वॉकेबल हे रस्त्याला किंवा शहराला लावतात. डॉक्टर सांगतात तो 'ब्रिस्क वॉक'. 'क्विक वॉक' म्हणजे पटकन आटपलेला. ब्रिस्कची सोपी कसोटी अशी की चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. म्हणून 'स्ट्रोल्ड ब्रिस्कली' हा वदतोव्याघात. आणि इंग्लंडमध्ये फुटपाथ म्हणजे बहुधा शेतामाळातून जाणारी पायवाट. रस्त्याकडेचा, आपल्याकडे दुचाक्या उभ्या करायला असतो तो, पेव्हमेंट.

पेठेतली

शतपावलीला काय म्हणाल?

शब्दपारखी

'आफ्टर-डिनर स्ट्रोल' पुरतं, शंभराचा हिशोब मात्र गळतो. 'कॉन्स्टिट्यूशनल' हा जुन्या वळणाचा शब्द प्रकृतीसाठीच्या नेमाच्या फेरीला आहे (कॉन्स्टिट्यूशन म्हणजे इथे देहप्रकृती). आज तो थोडा गमतीने वापरतात. आजोबांच्या तोंडी शोभेल, आयटीतल्या नातवाच्या नाही.

नवी_अनुवादिका

शेवटचा प्रश्न. 'वारकरी पुण्याहून निघून दिवे घाट चढून गेले.' मार्च, ट्रेक, ट्रज की प्लॉड?

रिकामटेकडा

मार्चमध्ये सैन्य किंवा मोर्चा येतो. ट्रेकमध्ये पाठपिशवी येते. ट्रजमध्ये नाखुशी येते, आणि टाळ-मृदंगाच्या तालावर चढणाऱ्यांना ती लावणं चूकच. प्लॉड लयीला जवळचा, पण त्यात उल्हास नाही.

मुळाकाठ

अशा वेळी साधा वॉक घ्यावा. 'द वारकरीज वॉक टू पंढरपूर' यात काहीही कमी नाही. अंतर आणि दिवस पुढच्या वाक्यात येऊ द्या, जडपणा ते आणतील. घाटासाठी 'मेड देअर वे अप द घाट'. यात कसे चढले याबद्दल क्रियापद गप्प राहतं, म्हणून 'सिंगिंग' शेवटी जोडायला जागा मिळते: 'मेड देअर वे अप द घाट, सिंगिंग'. स्वल्पविराम मात्र गाळू नका.